एकोणतीस नंबर

१

निवडीचं पत्र सहसा परत येत नाही. पत्ता अर्धवट असला, घर बदललेलं असलं, तरी पोस्टमन विचारत विचारत जातो आणि ते पोचवतो. आनंदाची बातमी हातात द्यायला त्यालाही बरं वाटतं. म्हणून सकाळच्या टपालात तो खाकी लिफाफा परत आलेला दिसला, तेव्हा तपासनीस बाईंनी आधी चष्मा पुसला आणि मग लिफाफा उलटा केला.

मागे लाल शाईत लिहिलं होतं : 'पत्रावरील मुलगी मयत. चौदा महिने झाले.'

निवड परीक्षा होऊन दोनच महिने झाले होते.

बाईंनी कपाटातून उत्तरपत्रिकांचा गठ्ठा काढला. परीक्षा साधी नव्हती. ज्यांच्या घरी पुस्तक नाही, शिकवणी नाही आणि ज्यांच्या घरातली भाषा शाळेतल्या भाषेहून वेगळी आहे, अशा मुलांना मोठ्या निवासी विद्यालयात नेणारा तो एकच दरवाजा होता. दरवर्षी शेकडो मुलं बसत आणि वीसजण घेतले जात. त्या विसांत यंदा एका वस्तीतली मुलगी सहावी आली होती. शंभरपैकी चौऱ्याऐंशी. वर्गातला नंबर एकोणतीस.

उत्तरपत्रिका खरी होती. मोहोर, सही, शिक्का, सगळं जागच्या जागी. अक्षर टपोरं, डावीकडे किंचित कललेलं, आणि प्रत्येक 'ळ'चं पोट उघडं सोडलेलं.

तपासनीस बाईंचं वय तेव्हा त्रेपन्न. भिंतीवरच्या घड्याळाचीसुद्धा चूक काढतील, असं कार्यालयात त्यांच्या पाठीमागे म्हणत, आणि त्यांना ते माहीत होतं. लहानपणी शाळेत त्यांना सगळे 'माफीवाली' म्हणत. फी माफ असलेल्या मुलांनी उभं राहावं, असा दर महिन्याच्या पहिल्या तारखेला हुकूम निघे, आणि वर्गात त्या एकट्याच उभ्या राहत. तेव्हापासून कुठल्याही यादीतला एखादा आकडा एकटा पडलेला दिसला, की त्यांना तो सोडवत नसे.

त्यांनी लिफाफा पर्समध्ये टाकला आणि दुपारची गाडी धरली.

२

शाळेला दोन दारं होती. पुढचं लोखंडी, रंगवलेलं. मागचं म्हणजे कुंपणात पाडलेली फट, आणि वस्तीतली मुलं तिथून येत. त्यांचा 'पूरक वर्ग' मागच्या लांबट शेडमध्ये भरे. पूर्वी तिथे मोडकी बाकं ठेवत. आता मोडकी बाकं आणि मुलं दोन्ही होती.

मुख्याध्यापक गोड बोलणारे होते. लिफाफा बघून त्यांनी कानांवर हात ठेवले.

"मॅडम, कारकुनाची चूक. नाव पटावरून काढायचं राहिलं असेल."

"चौदा महिने?"

"कामाच्या रगाड्यात राहतं हो."

"पटावर किती मुलं आहेत?"

"चाळीस."

"आणि चाळीसच्या खाली पट गेला, तर पूरक वर्ग बंद होतो. बरोबर?"

मुख्याध्यापकांनी पेपरवेट उचलून दुसऱ्या जागी ठेवला. "मी तर मुलांच्या भल्यासाठीच..."

एक कोडं तिथेच सुटलं. मुलगी वारली, पण तिचं नाव काढलं असतं तर पट एकोणचाळीसवर आला असता. म्हणून ती कागदावर जिवंत राहिली. यंदा वरून हुकूम आला, की पटावरच्या प्रत्येक मुलाचा अर्ज भरायचा. तिचाही भरावा लागला. परीक्षेच्या दिवशी गैरहजर लागेल आणि विषय संपेल, अशी यांची अटकळ होती.

"मग पेपर लिहिला कोणी?" बाईंनी विचारलं.

या वेळी मुख्याध्यापकांचा आवाज खरा वाटला. "आईशप्पथ मॅडम, मला माहीत नाही. निकालाची यादी आली तशी मी ती कुलपात ठेवलीय. भिंतीवर लावायची छाती झाली नाही."

बाहेर पडताना कारकून भेटला. जाड भिंगांचा, बोलका माणूस. "माझ्यावर ढकललं ना? ढकलणारच. माझी पाठ त्यासाठीच रुंद केलीय देवाने." मग इकडेतिकडे बघून तो हळूच म्हणाला, "मॅडम, त्या शेडमध्ये तिन्हीसांजेला मी जात नाही. दुपारीसुद्धा नको वाटतं. हजेरीच्या वेळी जाऊन बसा, म्हणजे कळेल."

बाई गेल्या आणि शेवटच्या बाकावर बसल्या. दुपारचे दोन वाजले होते, तरी आत पावसाळी संध्याकाळसारखा उजेड होता. खिडकी एकच, तीही उंच. एका बाजूची भिंत प्लायवूडची होती आणि ओल लागून फुगली होती. पुढून तिसऱ्या रांगेत एक बाक रिकामं होतं. जागेची इतकी टंचाई की एकेका बाकावर चारचार मुलं, पण त्या बाकाला कोणी हात लावत नव्हतं.

पूरक वर्गाचे सर तरुण होते, डोळ्यांखाली काळी वर्तुळं असलेले. त्यांनी हजेरी सुरू केली. पुढच्या इमारतीत मुलांना नावाने हाक मारत. इथली नावं वस्तीच्या बोलीतली, पुढच्या शिक्षकांच्या तोंडी न बसणारी. म्हणून इथे नंबर.

"सव्वीस."

"हजर."

"सत्तावीस."

"हजर."

"अठ्ठावीस."

"हजर."

सरांचा आवाज एकदम खाली आला. "एकोणतीस."

एकाही मुलाने मान वळवली नाही. सगळ्यांनी खाली बघितलं, जणू तसं करायची त्यांना सवयच होती.

"हजर."

आवाज बारीक होता, बाईमाणसाचा. तो कुठल्याही बाकावरून आला नव्हता.

"तीस," सर पुढे म्हणाले.

३

बाई उठल्या, शेडला वळसा घालून मागे गेल्या. प्लायवूडच्या पलीकडे चिंचोळी खोली होती, झाडू-बादल्या ठेवायची. दार नुसतं लोटलेलं. आत कोणी नव्हतं. फरशी ओली होती. एक बादली उलटी घातलेली होती, आणि बाईंनी तिच्यावर हात ठेवला तर ती कोमट लागली.

बाहेर नळावर सफाईवाली मावशी फडकं पिळत होती. पदर डोक्यावर, चेहरा खाली.

"मावशी, आत्ता इथून कोणी गेलं?"

तिने मान हलवली. नाही.

वर्ग सुटल्यावर बाईंनी मेलेल्या मुलीच्या बहिणीला बोलावलं. बारा वर्षांची, सगळे तिला धाकटी म्हणत. तिच्या अंगातला गणवेश दोन वेळा आखूड करून परत उसवलेला होता. मोठीचाच असणार.

"तुझा नंबर काय?"

"सदतीस."

"आणि एकोणतीस?"

"ताईचा."

"ताई कुठंय?"

मुलीने बाईंकडे असं पाहिलं, जणू एवढ्या शिकलेल्या बाईला एवढंही कळू नये. "ताई वारली."

"मग हजेरी कोण देतं?"

"ताई देते."

"तू ताईचा पेपर लिहिलास?"

"मी?" धाकटी हसली, आणि हसताना तिचे डोळे भरून आले. "मला बावीसच मार्क पडतील, बाई. ताई हुशार होती. मी नाही."

"घरी कोण असतं?"

"आई. दिवसभर कामाला असते."

सर व्हरांड्यात घुटमळत होते. बाईंनी त्यांना सरळ विचारलं, "उत्तरपत्रिका तुम्ही लिहिलीत?"

"नाही."

"आवाज कोणाचा आहे?"

त्यांनी कपाट उघडून एक वही काढली. "ही तिची. तिच्या बाकीच्या वह्या तापाच्या भीतीने शेजाऱ्यांनी जाळल्या. ही तपासायला माझ्याकडे होती, म्हणून वाचली. आणि पुस्तकं शाळेची असतात, ती शाळेने परत घेतली. गेल्या वर्षी मी तिचा अर्ज भरला होता, मॅडम. मुख्याध्यापकांनी पाठवला नाही. म्हणाले, या पोरीला झेपणार नाही, उगाच शाळेचा निकाल खाली येईल. तिच्या आईसमोर म्हणाले. त्यानंतर महिनाभरात ती गेली. तीन दिवसांच्या तापात."

"आवाजाचं विचारलं मी."

"ती गेल्यावर महिनाभर तिचा नंबर घ्यायला माझी जीभ उचलत नव्हती. पण वरून सांगितलेलं, नंबर गाळायचा नाही. घेतला. त्याच दिवशी भिंतीतून उत्तर आलं. मग मला रोज घ्यावासा वाटायला लागला. यापुढे मी काही सांगणार नाही. नोकरी गेली तरी."

बाईंनी वही उघडली आणि शेजारी उत्तरपत्रिका ठेवली.

टपोरं अक्षर. डावीकडे कललेलं. प्रत्येक 'ळ'चं पोट उघडं.

दोन्ही अक्षरं एकाच हातची होती.

४

त्या रात्री बाईंना झोप लागली नाही, पण सकाळी कार्यालयात पोचल्यावर त्यांनी स्वतःला दटावलं. मेलेली माणसं अर्ज भरत नाहीत, पेपर लिहीत नाहीत. ज्याने लिहिला त्याला हात होता, पेन होतं आणि त्या दिवशी तो शाळेच्या आवारात होता.

शेवटची गोष्ट त्यांना कशी कळली? गणिताच्या पाचव्या प्रश्नावरून. छपाईत सोळाच्या जागी एकसष्ट पडलं होतं, आणि उत्तरपत्रिकेत आधी एकसष्ट धरून अर्धं पान भरलेलं होतं. मग त्यावर एक आडवी रेघ आणि खाली सोळा धरून नव्याने मांडणी.

बाईंनी परीक्षेच्या पर्यवेक्षकांना फोन लावला. ते दुसऱ्या शाळेतले होते, शिस्तीचे.

"चूक केव्हा सांगितलीत तुम्ही?"

"सव्वाअकराला. शेडमध्ये उभा राहून, मोठ्याने. पोरांनी तोपर्यंत गणित अर्धं केलेलं."

म्हणजे लिहिणाऱ्यानेही त्याच घटकेला ऐकलं होतं. पेपर मागाहून घरी बसून लिहिलेला नव्हता.

"एकोणतीस नंबरचं बाक?"

"रिकामं. सगळ्या बाकांवर प्रश्नपत्रिका आणि सही-शिक्का केलेल्या कोऱ्या उत्तरपत्रिका आधीच ठेवायच्या असतात. अर्ध्या तासाने गैरहजर मुलाची उचलायला गेलो, तर बाकावर काही नाही. मला वाटलं कारकुनाने उचलली."

"मधल्या वेळात आत-बाहेर कोण गेलं?"

"कोणी नाही. दारात मी उभा होतो." मग त्यांना आठवलं. "पाणी देणारी बाई सोडली तर."

बाईंनी कारकुनालाही फोन लावला. त्याला वाटलं होतं, ती उत्तरपत्रिका पर्यवेक्षकांनी उचलली. दोघांनी एकमेकांवर सोडलं आणि मधल्यामध्ये कागद गायब झाला. गठ्ठा बांधताना कोण होतं, असं बाईंनी कारकुनाला विचारलं, तर तो म्हणाला, "मी एकटाच. माझ्या हातात जळती लाख, मग गाठीवर बोट कोण धरणार? मावशीला बोलावलं. गठ्ठा तिनेच धरला. मी मोजला होता की नाही विचाराल, तर मॅडम, पोट भुकेने ओरडत होतं."

फोन ठेवल्यावर बाईंनी वही आणि उत्तरपत्रिका पुन्हा समोर घेतली. या वेळी अक्षर बघायचं नाही, मजकूर बघायचा, असं ठरवलं.

मुलीच्या वहीत 'प्रकाशसंश्लेषण' अचूक लिहिलेलं होतं. उत्तरपत्रिकेत होतं 'प्रकाश सोंशलेशन'. वहीत 'समांतरभुज', इथे 'समंतर भूज'. माहिती सगळी बरोबर, पण शब्द कानाने ऐकून उतरवल्यासारखे. आणि त्रिकोण! सिद्धता अशी बिनचूक की पुस्तकात छापावी. दोन बाजू सारख्या, म्हणून समोरचे दोन कोन सारखे. पण शेजारच्या आकृतीत अक्षरं भलत्याच कोपऱ्यांत, आणि ज्या बाजू सारख्या म्हटल्या होत्या, त्यांतली एक दुसरीच्या दुप्पट.

वहीतल्या मुलीने तोच त्रिकोण देखणा काढला होता.

बाईंनी पेन खाली ठेवलं. अक्षर तिचं होतं. शिक्षण तिचं नव्हतं. हे ज्याने लिहिलं, त्याने वर्षभर एकूणएक धडा ऐकला होता, आणि फळा मात्र एकदाही पाहिला नव्हता.

५

दुसऱ्या दिवशी बाई आधी वस्तीत गेल्या. कालव्याच्या कडेला पत्र्याची घरं, मधून एका माणसापुरती वाट. मुलीच्या घराला कुलूप होतं. शेजारीण दारात धान्य निवडत बसली होती. पोस्टमनला तिनेच सांगितलं होतं.

"पोरगी वारली ती वारलीच ना बाई, पत्र कोण उघडणार? तिच्या आईला मी बोललेच नाही. कशाला जखमेवरची खपली काढायची?"

"आई कशी आहे?"

"चांगली. फक्त बोलत नाही फारशी. पोरगी होती तेव्हा रोज संध्याकाळी मायलेकी या उंबऱ्यावर बसायच्या. पोरगी शिकवायची, ही गिरवायची. चूक झाली की पोरगी आईलाच दटावायची, आम्ही हसायचो." शेजारणीने एक खडा काढून फेकला. "अक्षर तर असं काढायला लागली होती, की पोरीच्या वहीत कोणी लिहिलंय ते कळायचं नाही."

बाईंनी लगेच विचारलं, "ती कामाला कुठे जाते?"

"शाळेतच की. पोरगी गेल्यावर महिन्याभरात लागली. ठेकेदाराकडून. झाडलोट करते, पाणी भरते."

पुढच्या इमारतीत वर्षभर तिला सगळे मावशी म्हणत होते. तिचं आडनाव, घर, पोरंबाळं, काहीसुद्धा कोणी विचारलं नव्हतं.

६

बाई शाळेत पोचल्या तेव्हा वर्ग सुरू व्हायला वेळ होता. त्या सरळ चिंचोळ्या खोलीत शिरल्या, दार लोटलं आणि उलट्या बादलीवर बसल्या. डोळे अंधाराला सरावले, तसं समोरच्या प्लायवूडवर काही दिसायला लागलं. पेन्सिलीने लिहिलेलं. पाढे, सूत्रं, नद्यांची नावं, शेकडो ओळी, दाट, एकीवर एक, आणि सगळी तीच उघड्या पोटाची 'ळ'. पलीकडे वर्ग, अलीकडे ही भिंत. बाईंना वाटलं, आपण एखाद्याच्या डोक्याच्या आत बसलोय.

लिखाण अगदी त्यांच्या डोळ्यांसमोर होतं. म्हणजे बादलीवर बसून हात पुढे केला की पोचेल इतकंच उंच. तेरा वर्षांच्या पोरीला तिथे लिहायला हात वर ताणावा लागला असता. इथे मोठं माणूस बसत होतं.

दार करकरलं. मावशी आत आली, बाईंना पाहिलं आणि जागीच थिजली. हातातला झाडू तिने सोडला नाही.

"बसा," बाई म्हणाल्या आणि बादलीवरून उठल्या.

"नको. तुम्ही बसा."

शेवटी दोघी उभ्याच राहिल्या.

"एकोणतीस नंबरच्या तुम्ही आई."

मावशीने मान डोलावली.

"पाण्याच्या ट्रेखालून कागद नेलात, इथे बसून लिहिलंत आणि गठ्ठ्यात सरकवलंत."

"हो." आवाज तोच होता. बारीक, परवा भिंतीतून आलेला. "सरांना काही करू नका. सरांनी फक्त ओळखलं. विचारलं नाही कधी."

"हजेरी का देत होतात?"

मावशीने झाडूची एक सुटलेली काडी आत खोचली. "ठरवून नाही दिली बाई. पहिल्याच दिवशी इथे फडकं पिळत होते आणि सरांनी तिचा नंबर घेतला. कोणीच बोलेना. मला ते सहन झालं नाही. तोंडातून निघून गेलं. मग दुसऱ्या दिवशी नाही दिली, तर ती पुन्हा गेली असं व्हायचं." तिने डोळे पुसले नाहीत. "हजेरी देऊन झाली की लगेच कसं निघणार? मग बसून ऐकायचे. काम लवकर उरकून यायचे. पोरांना माहीत होतं. पोरं गुणी आहेत."

"आणि परीक्षा?"

"ते साहेब माझ्या तोंडावर म्हणाले होते, हिला झेपणार नाही. ती रस्ताभर रडली. मला म्हणाली, आई, मला येतं गं. मी काय सांगणार? मला कुठे माहीत होतं येतं की नाही? मी म्हटलं, साहेब शिकलेले आहेत, त्यांना कळत असेल." मावशीचा आवाज पहिल्यांदा फाटला. "असं म्हणाले मी तिला. मग ती तापली. मला एवढंच बघायचं होतं बाई, की तिने शिकवलेल्या बाईला झेपतं का. मला झेपलं, तर तिला झेपलंच असतं ना?"

नियमाप्रमाणे गुण सांगायचे नसतात, आणि हे गुण तर रद्दच व्हायचे होते. ही परीक्षा खोट्या नंबरावर दिलेली होती. त्यांना अहवाल लिहायचा होता. त्यांनी पर्समधून उत्तरपत्रिका काढून मावशीच्या हातात दिली.

मावशीने आकडा वाचला. बोटाने परत एकदा वाचला.

"सोळा कुठे गेले?"

"थोडे शुद्धलेखनात. बाकीचे आकृत्यांत."

मावशीने त्रिकोणाचं पान काढलं आणि त्याच्याकडे बघत राहिली.

"हे तिला आलं असतं," ती म्हणाली. "तिला फळा दिसायचा."

७

बाईंनी अहवाल खरा लिहिला. एक शब्द लपवला नाही. मेलेल्या मुलीचं नाव पटावर ठेवलं, हे लिहिलं. जिवंत असताना तिचा अर्ज दाबला, हेही लिहिलं, आणि ते सगळ्यात आधी लिहिलं. चौकशी दोन महिने चालली. मुख्याध्यापकांची बदली झाली. कारकुनाला ताकीद मिळाली, ती त्याने सगळ्यांना वाचून दाखवली. सरांच्या नोंदवहीत लाल शेरा बसला, पण त्यांची नोकरी राहिली. पर्यवेक्षकांनी आपण होऊन लिहून दिलं, की सव्वाअकराला त्या शेडमध्ये जी मुलं होती, ती कशा जागेत बसून परीक्षा देत होती, हेही एकदा कोणीतरी पाहावं. उत्तरपत्रिका रद्द झाली, आणि सहाव्या जागेवर दुसऱ्या एका गावची मुलगी गेली.

राहिला प्रश्न पटाचा. एकोणतीस नंबर खोडला, की उरले एकोणचाळीस, आणि एकोणचाळीसवर वर्ग बंद. कार्यालयात बंदचा हुकूम टाईपसुद्धा झाला होता. बाई नियमांचं जुनं पुस्तक घेऊन आपल्या साहेबांसमोर बसल्या.

"सर, पूरक वर्गात कोण बसू शकतं, ते इथे लिहिलंय. ज्याचं शिक्षण परिस्थितीमुळे राहिलंय तो. वय किमान दहा."

"मग?"

"जास्तीत जास्त किती, ते लिहिलेलं नाही."

साहेबांनी पुस्तक ओढून घेतलं. पान मागेपुढे केलं. मग चष्म्यावरून बाईंकडे पाहिलं. "छत्तीस वर्षांची विद्यार्थिनी? लोक हसतील."

"हसू द्या की. पट चाळीस होतो."

ते स्वतःच आधी हसले आणि मग त्यांनी सही केली.

नव्या वर्षी पूरक वर्ग पुढच्या इमारतीत आला, कारण शेडचा फोटो अहवालाला जोडलेला होता आणि तो कोणालाच पुन्हा बघायचा नव्हता. हजेरी नावाने घ्यायची, असाही एक हुकूम निघाला. नव्या मुख्याध्यापिकेला पहिले काही दिवस ती नावं घेताना घाम फुटे आणि मुलं तिला उच्चार शिकवत.

तपासनीस बाई पहिल्या आठवड्यात सहज म्हणून जाऊन बसल्या. मावशी सकाळचं काम उरकून आली होती. धाकटीच्या शेजारी, नव्या वहीवर हात ठेवून, पाठ ताठ करून बसली होती. जवळजवळ सगळा तास ती काही बोलली नाही. सर शिकवत होते, पोरं उतरवत होती. तास संपायला पाच मिनिटं उरली असताना मावशीने हात वर केला. आधी अर्धा. मग पूर्ण.

सर थांबले. "बोला."

"सर, मागच्या वर्षी तुम्ही अपूर्णांकाचा भागाकार शिकवला होता." ती उभी राहिली. "दुसरा अपूर्णांक उलटा करायचा आणि गुणायचं, असं म्हणालात. मी तसंच करते, उत्तर बरोबर येतं. पण उलटा का करायचा? मला तेव्हापासून विचारायचं होतं. तिकडून विचारता येत नव्हतं."

सरांनी खडू उचलला, फळ्याकडे वळले, पुन्हा वर्गाकडे वळले. एकोणचाळीस मुलांनी माना वर करून त्यांच्याकडे पाहिलं, कारण त्यांच्यातही कोणाला ते माहीत नव्हतं, आणि कोणी कधी विचारलंही नव्हतं. मागे बसलेल्या तपासनीस बाईंच्या लक्षात आलं, की आपल्यालाही माहीत नाही.

घंटा झाली. कोणी उठलं नाही.

"थांबा," सर म्हणाले. "मलाही आधी विचार करू द्या."